जाणकाराला आधी काय दिसते?

गेल्या अंकातील लेखात बुद्धिबळावरील दोन जुन्या अभ्यासांची ओळख करून दिली होती. डच मानसशास्त्रज्ञ आड्रियान द ख्रोट यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की श्रेष्ठ खेळाडू इतरांपेक्षा फार पुढपर्यंतच्या चाली मोजतात असे नाही. चांगली चाल त्यांना सुरुवातीलाच सुचते. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी त्यात भर घातली. खऱ्या डावातील मांडणी काही सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती बरीचशी पुन्हा मांडू शकतो. पण तेच मोहरे पटावर कसेही विखुरले, तर त्याची नवशिक्यावरील आघाडी जवळजवळ नाहीशी होते. तेव्हा त्याच्याजवळ असते ती विलक्षण स्मरणशक्ती नव्हे, तर हजारो मांडण्यांशी जडलेली ओळख. या लेखावर मुंबई आणि परिसरातून पुष्कळ पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

माझे सासरे मुंबई अग्निशमन दलातून केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झाले. आगीच्या ठिकाणी निर्णय कसे घेत होता, असे विचारले की ते म्हणतात, ‘निर्णय कसला घ्यायचा? काय करायचे ते दिसायचे.’ हा त्यांचा विनय आहे, की खरोखरच असे होत असते?
— एक वाचक, भायखळा

आपल्या सासऱ्यांनी विनयापोटी हे उत्तर दिलेले नाही. या विषयातील एका अतिशय महत्त्वाच्या अभ्यासाचा निष्कर्षच त्यांनी एका वाक्यात सांगितला आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत गॅरी क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निशमन दलांतील अनुभवी अधिकाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्या काळच्या पाठ्यपुस्तकांनुसार चांगला निर्णय म्हणजे सर्व पर्याय समोर मांडायचे, प्रत्येकाला ठरलेल्या निकषांवर गुण द्यायचे आणि सर्वाधिक गुणांचा पर्याय स्वीकारायचा. आगीसमोर इतकी उसंत नसते, म्हणून हे अधिकारी निदान दोन पर्यायांची तरी तुलना करत असतील, अशी अभ्यासकांची अटकळ होती. प्रत्यक्षात १५६ निर्णयक्षण तपासल्यावर असे आढळले की त्यांपैकी बहुतेक वेळा तुलना झालीच नव्हती. अधिकाऱ्याने परिस्थिती ओळखली होती आणि ओळखता ओळखताच काय करायचे तेही त्याला उमगले होते.

जाणकार निर्णय कसा घेतो याचे जे प्रतिमान क्लाइन यांनी यावरून मांडले, त्यात या ओळखीबरोबर चार गोष्टी एकदम हाती येतात: कोणत्या खुणांकडे लक्ष द्यायचे, या घडीला काय साधणे शक्य आहे, पुढे काय घडेल, आणि अशा वेळी सहसा काय केले जाते. यांतील तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्याला पुढचे काही अपेक्षित असते त्यालाच अपेक्षेबाहेरचे काही घडले तर ते कळते. क्लाइन यांनीच नोंदवलेला एक प्रसंग पाहा. एका बैठ्या घराच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात आग होती. अधिकाऱ्याने जवानांसह आत शिरून पाण्याचा मारा केला, पण आग हवी तशी दबली नाही. पुन्हा मारा केला, तरी तेच. दिवाणखान्यात मागे येऊन उभे राहिल्यावर त्याला जाणवले की स्वयंपाकघरातील एवढ्याशा आगीच्या मानाने इथली धग फार आहे आणि आवाज मात्र फारच कमी आहे. नेमके काय बिघडले आहे ते त्याला सांगता येत नव्हते, तरी त्याने सर्वांना तत्काळ बाहेर काढले. थोड्याच वेळात ते जिथे उभे होते ती जमीन खाली कोसळली. आगीचे मूळ तळघरात होते, आणि त्या घराला तळघर आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मधल्या जमिनीने आवाज अडवला होता, धग मात्र वर येत होती. तो अधिकारी याला आपले सहावे इंद्रिय म्हणत असे. मुलाखतीत एकेक गोष्ट विचारत गेल्यावर दिसले की त्या सहाव्या इंद्रियात प्रत्यक्षात तीन साध्या निरीक्षणांचा अपेक्षेशी बसलेला बेमेळ होता.

सर्व वेळी मात्र नुसती ओळख पुरत नाही. परिस्थिती नेहमीपेक्षा वेगळी असली, तर जाणकार एक उपाय मनात घेतो, तो प्रत्यक्षात कसा उतरेल याचे चित्र डोळ्यांसमोरून सरकवून पाहतो आणि कुठे अडते आहे असे दिसले तर तो सोडून दुसरा घेतो. दोन उपाय शेजारी ठेवून तो तोलत नाही. एकामागून एक तपासतो आणि पहिला चालण्याजोगा सापडला की कामाला लागतो. क्लाइन यांच्या नोंदींत उड्डाणपुलावरून पडून खालच्या लोखंडी आधारांवर अडकलेल्या, अर्धवट शुद्धीवर असलेल्या एका स्त्रीच्या सुटकेचा प्रसंग आहे. अधिकाऱ्याने बचावासाठीचे नेहमीचे पट्टे मनातल्या मनात तिला बांधून पाहिले. ते बांधताना तिला हलवावे लागेल आणि तिच्या पाठीला इजा होईल, हे दिसल्यावर त्याने ते बाजूला ठेवले आणि शिडीवर काम करताना जवान कमरेला बांधतात तो रुंद पट्टा निवडला. सुटका झाली, पण पट्टा जवानांच्या अंगाच्या मापाचा होता आणि ती स्त्री सडपातळ होती. ती त्यातून निसटली आणि खालच्या माणसाने तिला झेलले. मनातल्या चित्रात जे नव्हते ते प्रत्यक्षात आडवे आले. प्रतिमानाची ही बाजू मुद्दाम सांगतो, कारण जाणकाराची नजर म्हणजे काही दैवी देणगी आहे असे मानण्याकडे आपला कल असतो आणि तसे एकदा मानले की तिच्यात काय काय असते हे विचारणेच थांबते.

मुंबईत या विचारण्याला वेगळी निकड आहे. मस्जिद बंदरचे गोदाम, गिरगावातली लाकडी जिन्यांची चाळ आणि परळचा काचेने मढवलेला मनोरा या तिन्ही ठिकाणी धूर वेगळ्या वाटांनी फिरतो, आणि एका जागी कमावलेली ओळख दुसऱ्या जागी फसवू शकते. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या इमारतीच्या आगीत बांधकाम कोसळले आणि दलाचे चार वरिष्ठ अधिकारी, दोघे तत्काळ आणि दोघे नंतर उपचार घेत असताना, आपण गमावले. अशा माणसांबरोबर काय जाते याचा हिशेब कोणत्याही अहवालात नसतो. आपल्या सासऱ्यांना ‘निर्णय कसे घेत होता’ असे विचारू नका. आगीची एखादी वर्दी निवडा आणि बंब गल्लीत वळल्यापासून काय काय दिसले, ते क्रमाने सांगायला लावा. फोनवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. ते नुसते घरगुती आठवणींचे मुद्रण ठरणार नाही.

आमची संस्था प्रशिक्षणासाठी संगणकीय प्रणाली तयार करते. निवृत्तीला आलेल्या मोटरमनांचे ज्ञान तिच्यात उतरवायचे आहे. आम्ही प्रश्नावली दिली. ‘ब्रेक कधी लावता?’ याला सर्वांचे उत्तर एकच आले: ‘वेग आणि अंतर पाहून.’ यातून नियम कसे लिहावेत?
— एक अभियंता, घणसोली

या उत्तरांतून लिहू नयेत. मोटरमन काही लपवत नाहीत; आपण त्यांना सर्वसाधारण प्रश्न विचारलात, म्हणून नियमावलीत असते तेच सर्वसाधारण उत्तर आपल्याला मिळाले.

ही अडचण आपल्या आधी अनेकांना आली आहे. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मायसिन नावाची प्रणाली बांधली. रक्तातील जिवाणूसंसर्ग ओळखून प्रतिजैविक सुचवण्यासाठी तिच्यात ‘असे असेल तर तसे’ या घडणीचे काही शे नियम होते. चाचणीत तिच्या शिफारशी त्याच विद्यापीठातील तज्ज्ञ डॉक्टरांच्या तोडीच्या ठरल्या, तरी रुग्णाच्या खाटेपाशी ती रोजच्या वापरात कधीच आली नाही. पुढच्या दशकात अशा प्रणालींची लाट आली. आपल्या जुहू येथील एनसीएसटी या सॉफ्टवेअर तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेतही, जी आज सी-डॅक मुंबई आहे, नियमांवर चालणाऱ्या तज्ज्ञ प्रणाली उभारण्यासाठी ‘विद्वान’ नावाची चौकट तयार झाली होती. या सर्व कामात एक गोष्ट पुनःपुन्हा अनुभवाला आली. संगणकाचा वेग किंवा स्मृती ही खरी अडचण नव्हती. जाणकाराकडून ज्ञान मिळवणे हीच सर्वांत अरुंद जागा होती. जाणकार निष्कर्ष पटकन सांगतो, निष्कर्षाच्या आधी परिस्थिती कशी वाचली ते सांगत नाही, कारण ते वाचन त्याच्या स्वतःच्या लक्षातच येत नाही.

यावर एक उपाय उपलब्ध आहे. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक प्रसंगांची पद्धत क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये निर्णयांच्या अभ्यासासाठी विस्तारली. तिच्यात एकच प्रसंग चार वेळा फिरून पाहिला जातो. आधी मोटरमन स्वतः असा प्रसंग निवडतो, ज्यात नवख्याने वेगळे काही केले असते. मग तो मिनिटामिनिटाने कागदावर मांडला जातो. तिसऱ्या फेरीत प्रत्येक वळणावर थांबून विचारायचे की त्या क्षणी काय दिसले, काय ऐकू आले, काय होईल असे वाटले आणि मनात आलेले काय सोडून दिले. चौथ्या फेरीत एकेक खूण बदलून पाहायची: हे नसते तर काय केले असते?

या पद्धतीने काय हाती येते, त्याचा एक नमुना देतो. मी एका निवृत्त मोटरमनांशी बोललो तेव्हा त्यांनी कोणत्याही मोठ्या अपघाताचा प्रसंग न निवडता जूनमधील पहिल्या सरीची एक दुपार निवडली. मुसळधार पाऊस रूळ धुऊन काढतो. पण पहिली बारीक सर रुळांवरची धूळ आणि वंगण यांचा चिकट लेप करते आणि त्यावर चाके घसरतात. एवढे प्रशिक्षणात शिकवले जाते. माझा प्रश्न असा होता की गाडी अजून कोरड्यात असताना पुढच्या स्थानकात सर पडते आहे, हे आपल्याला कळते कसे. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘समोरून येणाऱ्या गाडीची काच.’ काच ओली असेल आणि वायपर चालू असेल, तर तो पाऊस आपल्याला पुढे भेटणार. मग काच कोरडी असती तर, असे विचारल्यावर दुसरी खूण बाहेर आली: फलाटाच्या टोकाला, छपराबाहेर उभे राहणारे लोक. ते छपराखाली सरकलेले दिसले की ब्रेक आधीपासून, हलका आणि लांबवून लावायचा, म्हणजे चाके जाम होत नाहीत आणि बारा डबे जागेवर थांबतात. या दोन्ही खुणा कोणत्याही प्रश्नावलीत बसल्या नसत्या. त्यांनाही त्या सांगण्याजोग्या वाटल्या नव्हत्या.

तेव्हा आपल्या प्रणालीचा गाभा ‘वेग अमुक, अंतर तमुक, तर ब्रेक इतका’ असा न ठेवता परिस्थितींचा संग्रह असा ठेवावा. प्रत्येक परिस्थितीबरोबर तिच्या खुणा, पुढे काय होईल याची अपेक्षा आणि अपेक्षा चुकल्याचे कोणत्या गोष्टीवरून कळेल, याची नोंद असावी. मिका एंड्सली यांनी १९९५ मध्ये परिस्थितीच्या जाणिवेचे तीन टप्पे सांगितले आहेत: दिसणे, त्याचा अर्थ लागणे आणि पुढचे कळणे. शिकाऊ मोटरमन पडद्यावरील सराव करत असताना त्याला मधेच थांबवून या तिन्ही टप्प्यांवर प्रश्न विचारता येतात. त्याने ब्रेक बरोबर लावला की चूक, एवढेच मोजले तर तो नशिबाने बरोबर आला की समजून, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

मी परळच्या एका रुग्णालयात नवजात अर्भकांच्या विभागात तीस वर्षे परिचारिका होते. ‘बाळ मला बरं दिसत नाही’ असे सांगितले की नवे डॉक्टर आकडे मागत. आकडे तर अजून ठीक असत. माझ्या म्हणण्याला शास्त्रात काही स्थान आहे का?
— एक निवृत्त सिस्टर, लालबाग

आहे, आणि ते आपल्यासारख्या सिस्टरांनीच मिळवून दिले आहे. बेथ क्रँडल यांनी अशाच विभागांतील अनुभवी परिचारिकांशी वर सांगितलेल्या पद्धतीने बोलून, बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागल्याचे त्यांना कशावरून कळते, याची यादी केली. त्यांतील अनेक खुणा त्या काळच्या वैद्यकीय ग्रंथांत नव्हत्या, आणि काही तर मोठ्या माणसांतील लक्षणांच्या नेमक्या उलट होत्या. ही यादी पुढे नव्या परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली.

त्या कामाशी जोडलेला एक प्रसंग आपल्याला ओळखीचा वाटेल. शिकाऊ परिचारिकेकडे एक अपुऱ्या दिवसांचे बाळ होते. रक्ततपासणीसाठी टाचेला टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत राहिले होते. अंगाचा रंग किंचित चितकबरा झाला होता. बाळ जरा सुस्त होते. तापमान प्रत्येक नोंदीला थोडे उतरत होते, पण मर्यादेतच होते, म्हणून तिने दर वेळी काचपेटीची ऊब वाढवली. प्रत्येक गोष्ट तिने पाहिली होती आणि प्रत्येकीवर योग्य तो उपायही केला होता. अनुभवी परिचारिका शेजारून जाताना बाळाकडे पाहून थबकली, पोट थोडे फुगीर दिसले, टाचेच्या पट्टीवर रक्त दिसले, आणि तिने तत्काळ डॉक्टरांना बोलावून प्रतिजैविके सुरू करायला लावली. तपासणीत जंतुसंसर्ग निघाला आणि बाळ वाचले.

दोघींनी पाहिलेल्या गोष्टी जवळजवळ सारख्याच होत्या. एकीला चार सुट्या तक्रारी दिसल्या, दुसरीला एक बिघडत चाललेले बाळ. आकडे मागणाऱ्या डॉक्टरांचाही यात अगदीच दोष नाही, कारण आकडा एका क्षणाचा असतो आणि ‘बरं दिसत नाही’ हे वाक्य गेल्या कित्येक तासांच्या ओघाबद्दल असते. व्हर्जिनिया ॲपगार यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली नवजात बाळाची गुणपद्धती जगभर रुजली, ती जाणत्या नजरेला बाजूला सारून नव्हे, तर त्या नजरेने पाहण्याच्या पाच गोष्टी सर्वांना पाहायला लावून. आपणही आपल्या खुणा लिहून काढाव्यात, ही मनापासून विनंती.

आमच्या पतपेढीत जुने व्यवस्थापक अर्जदाराशी दहा मिनिटे बोलून कर्ज द्यायचे की नाही ते ठरवत. ते निवृत्त होत आहेत. त्यांच्या निर्णयांवरून गुणपत्रक तयार करावे, असे तरुण संचालक म्हणतात. माणसाची पारख अशी कागदावर उतरते का?
— एक संचालक, गिरगाव

मागील तीन उत्तरांनंतर मी पारखीची बाजू घेईन असे आपल्याला वाटेल. पण येथे मी तरुण संचालकांच्या बाजूचा आहे.

मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ मध्ये तज्ज्ञांचे अंदाज आणि साध्या सांख्यिकी सूत्रांचे अंदाज यांची तुलना करणारे अभ्यास एकत्र तपासले. सूत्रे बहुतेक ठिकाणी तज्ज्ञांच्या बरोबरीची किंवा सरस ठरली. १९७० मध्ये लुईस गोल्डबर्ग यांनी याहून चकित करणारी गोष्ट दाखवली. तज्ज्ञाच्या स्वतःच्याच जुन्या निर्णयांवरून, तो कोणत्या गोष्टीला किती वजन देतो ते काढून सूत्र बनवले, तर ते सूत्र पुष्कळदा त्या तज्ज्ञालाच मागे टाकते. याचे कारण गूढ नाही. माणूस थकतो, दुपारच्या अर्जाला सकाळच्या अर्जाहून वेगळा न्याय देतो, आधीच्या अर्जदाराने वैताग आणला असेल तर तो पुढच्यावर निघतो. सूत्र त्याचेच शहाणपण वापरते आणि त्याची चलबिचल तेवढी गाळते. रॉबिन डॉझ यांनी १९७९ मध्ये आणखी पुढे जाऊन दाखवले की योग्य गोष्टी निवडल्या असतील, तर त्यांना अगदी सारखे वजन दिले तरी चांगले काम भागते. माझ्या समजुतीप्रमाणे यातला ‘योग्य गोष्टी निवडल्या असतील तर’ हा भाग जाणकाराकडूनच यायचा असतो, आणि आपल्या व्यवस्थापकांचे खरे मोल तिथे आहे. अर्जदाराने हमीदार कोणाला आणले, जुने कर्ज फेडताना हप्ता चुकण्याआधी कळवायला आला होता की चुकल्यावर, या गोष्टी त्यांनी पाहायला सुरुवात केली असेल. त्या गुणपत्रकात आल्याच पाहिजेत.

मग अग्निशमन अधिकाऱ्याच्या नजरेवर विश्वास का ठेवायचा आणि व्यवस्थापकांच्या नजरेवर कमी का, हा प्रश्न उरतो. क्लाइन हे जाणकारांच्या नजरेचे पुरस्कर्ते, तर डॅनियल कानेमन हे तिच्यातील चुकांचे अभ्यासक. या दोघांनी काही वर्षे एकत्र बसून वाद घातला आणि २००९ मध्ये संयुक्त लेख लिहिला. त्यांचे एकमत असे झाले की अंतःप्रेरणा भरवशाची ठरण्यासाठी दोन अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. त्या क्षेत्रात खुणा आणि परिणाम यांच्यात खरोखर स्थिर नाते असले पाहिजे, आणि जाणकाराला आपला अंदाज बरोबर आला की चुकला, हे पुरेशा वेळा आणि पुरेशा लवकर कळले पाहिजे. स्वतःबद्दलची खात्री ही या दोहोंपैकी कशाचाही पुरावा नाही.

आपल्या व्यवस्थापकांची दुसरी अट अर्धीच पुरी होते. ज्यांना कर्ज दिले, त्यांनी ते फेडले की बुडवले हे वर्षा-दोन वर्षांनी कळले. ज्यांना परत पाठवले, त्यांपैकी किती जणांनी दुसरीकडून कर्ज घेऊन ते नेमाने फेडले, हे त्यांना कधीही कळले नाही. त्यामुळे नाकारण्यातली चूक त्यांना आयुष्यभर दिसलीच नसेल, आणि त्यांच्या निर्णयांवरून बनवलेल्या सूत्रातही ती चूक जशीच्या तशी उतरेल. ही या पद्धतीची सर्वांत गंभीर उणीव आहे, आणि गरीब वस्तीतल्या किंवा ओळख नसलेल्या अर्जदारावर तिचा भार पडतो. म्हणून गुणपत्रकाच्या काठावर जे अर्ज नापास होतील, त्यांपैकी काहींना लहान रकमेची कर्जे देऊन काय होते ते पाहण्याची तरतूद संचालक मंडळाने करावी.

याच पत्रात आपण जाता जाता शेअर बाजारातील सल्लागारांबद्दलही विचारले आहे. तिथे पहिलीच अट पुरी होत नाही.

मी माझगावला राहतो. १९४४ च्या गोदी स्फोटाच्या वेळी तिथे जहाजाचे, गोदीचे, सैन्याचे आणि अग्निशमन दलाचे, सगळेच अनुभवी लोक हजर होते असे वाचले. मग योग्य निर्णय का झाला नाही?
— एक ज्येष्ठ वाचक, माझगाव

१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकाच वेळी होती. दुपारी आग लक्षात आल्यावर ती विझवत राहावी, जहाज गोदीबाहेर न्यावे की जागीच बुडवावे, यावर मते पडली, पण सर्वांना बांधील असा एक निर्णय झाला नाही. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. दर वर्षी १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मृतीचा आहे.

आतापर्यंत ज्या प्रतिमानाबद्दल लिहिले ते एका जाणकाराचे, त्याच्या ओळखीच्या क्षेत्रातले आहे. गोदीत प्रत्येकाला आपापल्या क्षेत्रातली परिस्थिती दिसत होती. पाणी मारणाऱ्यांना कापसाची आग दिसत होती, आणि स्फोटकांच्या जाणकाराला स्फोटके दिसत होती. या दोन चित्रांचे एक चित्र करण्याचा अधिकार एका माणसाकडे नव्हता, आणि दोन्ही मिळून जे घडणार होते ते त्यांच्यापैकी कोणी पूर्वी पाहिलेले नव्हते. तिथे मरण पावलेल्या जवानांच्या कौशल्याबद्दल किंवा धैर्याबद्दल यातून कोणतीही शंका निघत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही या शहरातील कोणाच्याच अनुभवात त्या मापाचा दिवस नव्हता.

अशा वेळेसाठी क्लाइन यांनी सुचवलेला एक सराव मी अनेक संस्थांना करायला सांगतो. योजना ठरत आली की सर्वांनी असे धरून चालायचे की ती अमलात आली आणि पूर्ण फसली. मग प्रत्येकाने दोन-तीन मिनिटे शांतपणे, एकमेकांशी न बोलता, ती का फसली याची कारणे लिहायची. ‘काही शंका आहे का?’ असे विचारल्यावर कनिष्ठ माणूस गप्प बसतो. फसली हे गृहीतच असेल, तर कारण सांगणे ही आगळीक राहत नाही. कागद वाचताना सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपासून सुरुवात करावी आणि प्रमुखांनी आपला कागद शेवटी वाचावा. पालिका, बंदर, रेल्वे आणि रुग्णालये यांच्या एकत्रित पावसाळापूर्व बैठकींत हा सराव मे महिन्यातच व्हायला हवा, म्हणजे निघालेल्या कारणांवर काही करण्यासाठी पाऊस येण्याआधी थोडे दिवस हाती राहतात.